सहा जणांची न्याहारी

“आगाशे, चार माणसं. आगाशे, चार. हायेत का गेले?”

खांबाला बांधलेल्या कर्ण्यातून नंबर पुकारणाऱ्या माउलीचा आवाज आला आणि जांभळीखालची चार माणसं लॉटरी लागल्यासारखी उठून आत पळाली. नोकरीत असताना बंडोपंत औसेकरांनी दुसऱ्याच्या बढतीकडेही कधी अशा नजरेने पाहिलं नव्हतं.

त्यांच्या जिभेची कड बधिर व्हायला लागली होती.

हैबतरावाचं हे ठिकाण पौडच्या पुढे, माले गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला. चार-पाच वर्षांपूर्वी इथे मेंढ्या बसायच्या. मग हैबतरावाने पत्र्याची शेड टाकली, चुली मांडल्या, अंगण सारवून घेतलं, आणि कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत त्याचा फोटो आला. मेंढ्या डोंगरावर गेल्या आणि त्यांच्या जागी गाड्या आल्या. फरक एवढाच, की मेंढ्या इतका वेळ उपाशी थांबत नसत. घरी पिठलं केलं तर ‘आज भाजी नाही का’ म्हणून विचारणारी माणसं इथे त्याच पिठल्यासाठी कोथरूड-हिंजवडीहून पेट्रोल जाळून यायची आणि दोन-दोन तास उन्हात बसून एकमेकांना सांगायची, की काही म्हणा, खेड्यातलं जीवन फार साधं.

बंडोपंत तिथे जेवणाच्या हौसेने आले नव्हते. मुलीचं, मृण्मयीचं, जमायच्या बेतात होतं. ती हिंजवडीच्या कंपनीत, मुलगा स्वानंद खांबेटे तिथल्याच दुसऱ्या कंपनीत. ओळख वेबसाइटवर झालेली, दोघांचं सहा महिने फोनवर बोलणं चाललेलं, पत्रिका कुणी न मागता जुळलेली. आता फक्त आईवडिलांनी आईवडिलांना पाहायचं होतं. औसेकरांनी हिंजवडीजवळच्या चांदे गावातल्या आपल्या फ्लॅटवर बोलावलं, तर मुलाचे वडील जनार्दनराव फोनवर हसले होते. मुलीने पोहे आणायचे आणि आम्ही प्रश्न विचारायचे, त्या पद्धतीचे आम्ही नाही, म्हणाले. रविवारी सहज भेटू, न्याहारीला.

त्याप्रमाणे सगळे सहज भेटले होते, आणि ताटकळण्याच्या पहिल्या तासातच खांबेटेवहिनींनी पोह्याच्या कार्यक्रमातले सगळे प्रश्न पोह्यांशिवाय विचारून झाले होते. मूळ गाव कुठलं. औसा. लातूरजवळ. मग भूकंपात काही? नाही. मुलीला गाणं येतं का. येत होतं, सोडलं. घरात कुणाला काही दुखणं-खुपणं?

“देवाच्या दयेने काही नाही,” रजनीबाई म्हणाल्या होत्या, आणि म्हणताना त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. सराव चांगला झाला होता.

याला कारण नाशिकचं स्थळ. मागच्या वर्षी तिथे हाच प्रश्न आला तेव्हा बंडोपंतांनी सरळ सांगून टाकलं होतं: मला मधुमेह आहे, बारा वर्षं झाली, इन्सुलिन घेतो, आमच्या वडिलांनाही होता. आठ दिवसांनी नाशिकहून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनीच आधी जुळवून पाठवली होती. तेव्हापासून रजनीबाईंनी हे खातं बंद केलं. लग्न होईस्तोवर या घरात साखर फक्त चहात.

आजचा बेतही त्यांचाच. सकाळचं इंजेक्शन घरी घ्यायचं नाही, कारण घेतलं की अर्ध्या तासात पोटात काही जायला हवं. घरून काही खाऊनही निघायचं नाही, कारण मुलाकडच्यांनी न्याहारीला बोलावलंय आणि तिथे नको-नको करत बसलं तर बरं दिसत नाही. तेव्हा इंजेक्शन पर्समध्ये. ताटं समोर आली की बंडोपंतांनी हात धुवायच्या निमित्ताने उठायचं, पर्स रजनीबाईंनी मोरीच्या वाटेवर आणून द्यायची, आणि दोन मिनिटांत कार्यभाग उरकून परत.

बंडोपंतांनी हा बेत रात्रभर तपासला आणि त्यात त्यांना चुकाच चुका दिसल्या. अशा ठिकाणच्या मोरीला कडी असेल कशावरून? सदरा वर करून पोटात सुई टोचताना जनार्दनराव आत आले तर? बायकोची पर्स हातात घेऊन मोरीकडे जाणारा मुलीचा बाप बाहेरून कसा दिसेल? जन्मभर पाटबंधारे खात्यात हिशेब तपासले, त्यामुळे संकट घडण्याआधीच ते सविस्तर पाहायची त्यांना सवय होती. सकाळी रजनीबाई निऱ्या घालत होत्या तेवढ्यात त्यांनी फ्रिज उघडला, दुसऱ्या बाटलीतून डोस भरला, टोचला, आणि सुई वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकली. नऊला पोचू की लगेच बसू. तिथे गेल्यावर हिला सांगू, झालं काम, तुझी पर्स तुझ्याजवळ ठेव.

नऊला पोचले खरे. सहासीटर रिक्षा त्यांनी अलीकडच्या वळणावरच सोडली, कारण पहिल्याच भेटीत व्याह्यांनी आपल्याला सहासीटरमधून उतरताना पाहू नये असंही रजनीबाईंचं मत होतं. चालत अंगणात शिरले तर समोर पन्नास-साठ माणसं, आणि वही घेतलेला माउली: “दीड तास तरी जाईल, काका. बसा जांभळीखाली.”

तो दीड तास केव्हाच होऊन गेला होता.

जानेवारीचं थंड वारं सुटलं होतं. धरणाकडून येणाऱ्या त्या वाऱ्यात बायका पदर लपेटून बसल्या होत्या, आणि बंडोपंतांच्या मानेवरून घामाची धार कॉलरमध्ये उतरत होती.

“तुम्हाला उकडतंय की काय?” जनार्दनरावांनी विचारलं.

“ऊन आहे थोडं,” बंडोपंत म्हणाले. ते सावलीत बसले होते.

मरणाची भीती त्यांना नव्हती असं नाही, पण ती दुसऱ्या नंबरावर होती. पहिल्या नंबरावर लातूरच्या बँकेतली एक दुपार होती. तिथेही अशीच रांग होती, असाच घाम आला होता, आणि मग मधलं काही आठवत नाही. लोकांनी नंतर सांगितलं की तुम्ही कॅशियरला शिव्या दिल्या, धोतर नेसलेल्या एका म्हाताऱ्याची काठी ओढली आणि फरशीवर फतकल मारून हसत बसलात. शुद्धीवर आले तेव्हा एक शिपाई त्यांच्या तोंडाचा वास घेत होता. ज्या माणसाने कंत्राटदाराचा चहा कधी घेतला नाही त्याच्या तोंडाचा वास. आता तेच इथे, खांबेट्यांच्या समोर झालं तर? आजारी बाप एक वेळ चालेल, पण सकाळी अकराला झिंगलेला बाप कोण चालवून घेईल?

त्यांनी रजनीबाईंना हाक मारली. “जरा इकडे येतेस का?”

रजनीबाई खांबेटेवहिनींशी लोणच्यावर बोलत होत्या. त्यांनी नुसते डोळे मोठे केले. त्या डोळ्यांचा अर्थ पस्तीस वर्षांच्या संसारात एकच होता: आत्ता नाही. त्यांच्या हिशेबी नवऱ्याने इंजेक्शन घेतलेलंच नव्हतं. म्हणजे फार तर साखर थोडी वाढली असेल, वाढू दे. ती उतरत चाललीय हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता, आणि सांगायचं तर ‘घरीच टोचून घेतलं’ हे चार लोकांत सांगावं लागलं असतं.

बंडोपंत उठून माउलीकडे गेले. चहा मिळेल का, म्हणून विचारलं. माउलीने सांगितलं की च्या टेबलावर, खाऊन झाल्यावर. आधी च्या दिला की मानसं भूक मारून घेत्यात आन मग थालीपीठ टाकत्यात, हैबततात्याला खपत न्हाई. जांभळीखालून खांबेटेवहिनींनी हे ऐकलं आणि हसून रजनीबाईंना विचारलं, ह्यांना चहाचं फार आहे वाटतं? त्यावर ‘छे हो, एकदाच घेतात’ असं उत्तर गेलं, आणि चहाचीही वाट बंद झाली.

मग कर्णा खरखरला. “औसेकर, सहा माणसं. औसेकर, सहा.”

बंडोपंतांच्या पोटात ऊब आली. ते इतक्या झटक्याने वळले की तोल जाऊन त्यांनी खांबाला हात टेकला. रजनीबाई उठल्या, वहिनी उठल्या, मृण्मयी उठली. जनार्दनराव नव्हते. स्वानंदला घेऊन ते पाण्याचा फोटो काढायला बांधावर गेले होते.

“समदी आल्याबगर टेबल न्हाई, ताई,” माउली मृण्मयीला म्हणाला. “मागं एकानं दोन मानसांवर आठाचं टेबल अडवलं, लई भांडनं झाली. येतील तवा सांगा, चार नंबर सोडून घेतो.”

तिने हात जोडल्यासारखं केलं, माउलीने वहीत बाण काढला, आणि मागची पार्टी आत गेली. बंडोपंत त्यांच्या पाठी बघत राहिले. एका बाईच्या कुडत्याच्या पाठीवरच्या छोट्या आरशांतून उजेडाचे ठिपके उडत होते आणि ते ठिपके ती आत गेल्यावरही उडतच राहिले. म्हणजे आता डोळेही गेले.

जनार्दनराव सावकाश आले. नंबर गेल्याचं कळल्यावर त्यांना गंमत वाटली. “अहो, जाऊ दे. रविवार आहे. वाट पाहण्यातच मजा असते.”

पोट भरलेल्या माणसाला ती असते. खांबेटे घरून उपमा खाऊन निघाले होते, हे वहिनींनी मघाशी सहज सांगितलं होतं.

शेडच्या टोकाला उघड्यावर चूल होती. तिथे राजाबाई भाकरी थापायची. राजाबाई इथलीच, धनगरवाड्यातली. पूर्वी ती याच जागेवर शेरडं राखायची, आता शहरातली माणसं तिच्या हातांचे फोटो काढायची. तिच्या गुडघ्याशी ठेवलेल्या परातीत गुळाची अर्धी ढेप होती. बंडोपंतांना जगात आता तेवढी एकच वस्तू स्पष्ट दिसत होती.

एक खडा मागायचा, एवढंच काम. ते गेले. चुलीभोवती सात-आठ माणसं मोबाइल धरून उभी होती आणि त्यांत खांबेटेवहिनी पुढे होत्या. ‘जरा गूळ द्या’ हे तीन शब्द बंडोपंतांनी मनात जुळवले, तोंड उघडलं, आणि म्हणाले, “वास छान सुटलाय.”

“हं,” राजाबाई मान वर न करता म्हणाली.

वहिनी कौतुकाने वळल्या. “तुम्ही खाण्याचे शौकीन दिसता.”

बंडोपंत हसले, निदान हसल्यासारखं केलं, आणि मागे सरकले. पाय आपले नसल्यासारखे पडत होते. चुलीच्या मागे खरकट्या ताटांची पाटी होती. सगळ्यांत वरच्या ताटात कुणीतरी गुळाची पोळी अर्धी टाकली होती. तिच्या कडेला दाताचा गोल उमटला होता.

औशाच्या घरात बंडोपंतांच्या आईने दुसऱ्याच्या भांड्यातलं पाणीही कधी तोंडाला लावू दिलं नव्हतं. नोकरीतही ते आपला पेला आपल्या टेबलात ठेवत. हे सगळं त्यांना त्या क्षणी आठवलं, आणि आठवत असतानाच हात पुढे गेला.

“अवो आजोबा, उष्टं हाय त्ये,” राजाबाई म्हणाली. “टाका खाली.”

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. पण डोंगरापलीकडच्या शेरडांना हाका मारून तयार झालेला तो गळा होता. चुलीभोवतीचे मोबाइल एकदम खाली आले. जांभळीखालची माणसंही वळली.

बंडोपंतांचं तोंड भरलेलं होतं. वहिनी बघत होत्या. त्यांच्यामागे जनार्दनराव होते. रजनीबाईंचा हात पदरासकट तोंडावर गेला होता. खरं बोलावं तर आपण खोटारडे ठरतो, गप्प बसावं तर भिकारी. थुंकून टाकावं असं त्यांना फार वाटलं. पण अंगाने आपला निर्णय घेतला होता. जबडा चावतच राहिला.

मृण्मयी गर्दी सारत आली. तिने त्यांच्या मानेवर हात ठेवला आणि ओला झालेला तळवा पाहिला.

“कधी घेतलंत?”

“घरी,” ते म्हणाले.

“मावशी, गूळ द्या,” ती राजाबाईला म्हणाली, आणि हळू बोलायचा तिने प्रयत्नही केला नाही. “बाबांनी इन्सुलिन घेतलंय आणि सकाळपासून पोटात काही नाही.”

राजाबाईने पिठाच्या हाताने ढेपेचा मोठा खडा फोडला. “बसा हितं,” तिने आपल्या बुडाखालचा पाट काढून सरकवला. “आन तुमी मागं सरा की जरा. मानूस हाय त्यो, तमाशा न्हाई.”

ते बसले. गूळ विरघळू लागला तसे कान आधी परत आले, मग डोळे. परत आलेल्या डोळ्यांना सगळ्यात आधी खांबेट्यांचे चेहरे दिसले, आणि मघाची भीती बरी होती असं बंडोपंतांना वाटलं.

जनार्दनराव सभ्य माणूस होते, त्यांनी आवाज चढवला नाही. साखर आज कुणाला नसते, म्हणाले. आमच्याकडेही काका आहेत. “प्रश्न आजाराचा नाही, औसेकर. मघाशी सरळ विचारलं होतं आम्ही.”

रजनीबाई काहीतरी बोलू लागल्या. सांगणारच होतो, योग्य वेळ बघत होतो. ते वाक्य अर्ध्यावरच लोंबकळत राहिलं, कारण मृण्मयी तिकडे पाहत नव्हती. ती स्वानंदकडे पाहत होती.

“स्वानंद, तुला माहीत होतं,” ती म्हणाली. “दिवाळीत सांगितलं होतं मी. इन्सुलिनचंही. त्यात काय, म्हणाला होतास.”

वहिनींनी मुलाकडे पाहिलं. स्वानंदच्या हातात गाडीची किल्ली होती, ती त्याने एका बोटावरून दुसऱ्या बोटावर घेतली.

“हो, म्हणजे बोलण्यात आलं होतं काहीतरी,” तो म्हणाला. “पण एवढं आहे, असं काही क्लिअर नव्हतं, आई.”

बंडोपंत पाटावरून हे ऐकत होते. ‘बोलण्यात आलं होतं’ हे वाक्य त्यांना ओळखीचं होतं. कागदावर सही करायची वेळ आली की साहेबलोक हेच म्हणत, आणि खाली बंडोपंतांची सही राहायची. त्यांनी मुलीचा चेहरा पाहिला. त्यावर राग नव्हता. संध्याकाळी ऑफिस बंद करताना खिडक्या एकेक करून लावतात, तसं काहीतरी तिथे चाललं होतं. जमत आलेलं मोडतंय. अजून एक खिडकी उघडी असेल. ते पाटाला हात टेकून उठू लागले.

“जनार्दनराव, मुलाची चूक नाही. मुलीचीही नाही. लपवलं मी. मी तुमची—”

“बाबा,” मृण्मयी म्हणाली, “गूळ संपवा आधी.”

ते बसले. माफीचा शब्द गुळाबरोबर आत गेला.

“औसेकर, सहा माणसं,” कर्णा म्हणाला. “औसेकर, सहा.”

कुणी हललं नाही. वहिनींनी घड्याळ पाहिलं आणि आपल्याला बाराला पौडला एकांकडे जायचं होतं ना, असं नवऱ्याला विचारलं. नवऱ्याला लगेच आठवलं. स्वानंद मृण्मयीजवळ येऊन काहीतरी पुटपुटला, फोन करतो, अशा धर्तीचं. तिने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्याने थांबून पाहिलं नाही.

माउली वही घेऊन स्वतःच आला. “काय ताई, समदी हायेत न्हवं आता? का फिरवू नंबर?”

“तीन,” मृण्मयी म्हणाली.

“सहा लिवल्यात.”

“तीनच आहोत.”

माउलीने एकदा गाडीकडे जाणाऱ्या पाठींकडे पाहिलं, एकदा पाटावरच्या म्हाताऱ्याकडे, आणि त्यांना आत नेलं. लहान टेबल रिकामं नव्हतं. सहाच्याच टेबलावर एका टोकाला तिघं बसली.

ताटं आली. थालीपीठ, लोणी, पिठलं, राजाबाईची भाकरी. रजनीबाई रागावल्या नाहीत, म्हणून बंडोपंत अधिकच घाबरले. त्यांनी फक्त नवऱ्याच्या ताटातली भाकरी कुस्करली, वर पिठलं घातलं, आणि लहान मुलापुढे सरकवावं तसं ताट सरकवलं. बाहेर खडीवर गाडी वळल्याचा आवाज आला. तिघांपैकी कुणी मान वळवली नाही.

“माझ्यामुळे—” बंडोपंतांनी घास हातात धरून सुरुवात केली.

“लोणी पाहिजे का?” मृण्मयीने विचारलं. मग थोड्या वेळाने, ताटाकडे बघत म्हणाली, “स्वानंदला आज विचारलं म्हणून कळलं, बाबा. नाहीतर कधी कळलं असतं?”

ते जेवू लागले. पिठल्याचा एक थेंब सदऱ्यावर पडला. रजनीबाईंनी तो पुसला नाही, नंतर धुवू म्हणाल्या.

“ताई,” माउली टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याला संकोच वाटत होता. “ह्या खुर्च्या घिऊ का? भायेर म्हातारी मानसं हुबी हायेत.”

रिकाम्यांपैकी एका खुर्चीवर मृण्मयीने आत येताना ओढणी टाकली होती. तिने ती उचलून मांडीवर घेतली आणि नीट घडी केली.

“घ्या,” ती म्हणाली.

माउली दोन खुर्च्या दोन हातांत घेऊन गेला. तिसरीसाठी परत आला तेव्हा बंडोपंतांचा डावा हात त्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर होता. त्यांनी तो थोडा वेळ तसाच राहू दिला. मग बसल्या जागेवरूनच, आवाज होऊ नये म्हणून जरा उचलून, त्यांनी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.